वजन खरं सांगा, आणि पायलटला ‘नाही’ म्हणू द्या

मागच्या अंकात छोट्या विमानांबद्दल जाताजाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. मोठ्या जेटचे प्रश्न पुढच्या महिन्यात बघू. आणि एक आधीच सांगतो, माझं आयुष्य विमानं उडवण्यात नाही तर दुरुस्त करण्यात गेलंय, त्यामुळे उत्तरं थोडी हँगरच्या बाजूनं येतील, सांभाळून घ्या.

काका, आमच्या भजनी मंडळाची मुक्तिनाथ यात्रा ठरलीय. टूरवाले म्हणतात पोखराहून जोमसोमला छोट्या विमानानं वीस मिनिटं लागतात, नाहीतर जीपनं अख्खा दिवस. मुलगा म्हणतो आई त्या विमानात बसू नको. कुणाचं ऐकू? (एक वाचक, मिरज)

ताई, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. त्या रूटवर बहुतेक करून ट्विन ऑटर नाहीतर तशाच जातीचं १९ सीटच्या आसपासचं विमान असतं. विमान दणकट आहे, छोट्या धावपट्टीसाठीच बनवलेलं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. अडचण जागेची आहे. जोमसोम साधारण २७०० मीटरवर, काली गंडकीच्या दरीत, एका अंगाला अन्नपूर्णा आणि दुसऱ्या अंगाला धौलागिरी, दोन्ही आठ हजार मीटरच्या वरचे, म्हणजे विमान डोंगरावरून नाही तर डोंगरांच्या मधून जातं. आणि त्या दरीत सकाळी दहा-अकरानंतर वारा असा सुटतो की उतरणं अवघड होऊन बसतं, म्हणून सगळी विमानं सकाळी. सकाळ धुक्यात गेली की दिवस गेला.

२९ मे २०२२ ला याच रूटवर ट्विन ऑटर पडलं, २२ माणसं गेली, त्यात आपल्या ठाण्याचं चौघांचं कुटुंब होतं. सकाळी ९.५५ ला निघालेलं विमान ढगात शिरलं आणि डोंगराला धडकलं. युरोपनं २०१३ पासून नेपाळच्या एअरलाइन्सना आपल्याकडे यायला बंदी घातलेली आहे हेही मुलाला माहीत असेल, म्हणून तो काळजी करतोय, त्याचं चूक नाही.

पण जायचंच असेल तर तुमच्या हातात काय आहे ते बघा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक दिवस जादा ठेवा. आपले ग्रुप काय करतात, गोरखपूरचं परतीचं ट्रेनचं तिकीट असं काढतात की एक विमान रद्द झालं की सगळी यात्रा कोलमडते, मग काउंटरवर तीस माणसं उभी, “काल गेलं ना विमान मग आज का नाही”, “आमच्यात सत्तर वर्षांच्या बायका आहेत हो”, आणि त्या कंपनीच्या माणसावर आणि त्याच्यामार्फत पायलटवर जो दाब येतो तो कुठल्या मीटरवर दिसत नाही. टूरवाल्याशी सांगलीतच बोलून घ्या की विमान रद्द झालं तर जीप करायची, त्याचे पैसे कोण देणार हे लिहून घ्या, आणि तिकीट पहिल्या ट्रिपचंच मागा. ढग आहेत म्हणून पायलट थांबला तर मंडळातल्या कुणीही त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, एवढं आधी सगळ्यांना बजावून ठेवा.

आणि एक वेगळंच, मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या आसपास आहे. पोखरा आठशे-नऊशेवर. विमानानं गेलात तर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही, तेव्हा बीपी-हार्टवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जायचं, आणि जोमसोमला एक मुक्काम केला तर उत्तम.

वैष्णोदेवीला हेलिकॉप्टरच्या काउंटरवर सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि आमच्या सौंचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. माणूस म्हणजे काय शेंगांचं पोतं आहे काय? (एक गलाई व्यावसायिक, विटा)

मोठ्यानं वाचायला नको होतं, हे खरं. पण काट्यावर उभं केलं याबद्दल त्या माणसाला चहा पाजा. तुम्ही गलाईवाले, सोनं-चांदी गाळणारे, तुम्हाला काट्याचं महत्त्व मी काय सांगणार.

हिशोबच बघा ना. जगात सगळ्यात जास्त बनलेलं छोटं विमान म्हणजे सेस्ना १७२, चार सीटचं. त्यातल्या नव्या मॉडेलचं उडतानाचं जास्तीत जास्त वजन साधारण ११५७ किलो, रिकामं विमान साडेसातशेच्या पुढं, म्हणजे उरले चारशेच्या आत. टाकी फुल केली, दोनशे लिटर, पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या थोडं आत, ते गेले १४०-१४५ किलो. राहिले अडीचशे. आता त्यात पायलट धरून चार दणकट माणसं बसवा बघू. बसतच नाहीत! सीट चार असल्या तरी. मग एकतर पेट्रोल कमी घ्यायचं नाहीतर एक माणूस खाली ठेवायचा, आणि हा निर्णय पायलटला घेता यावा म्हणून खरं वजन लागतं. लाजून दहा किलो कमी सांगितले आणि असे चौघांनी सांगितले की हिशोब चाळीस किलोनं चुकला.

वजन किती एवढंच नाही, कुठं ठेवलं हेही तितकंच. बैलगाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं, तसंच विमानाचं नाक वर जायला लागतं, फक्त इथं बैल जू दाबून धरायला नसतात. २५ ऑगस्ट २००१ ला बहामाजमध्ये आलिया नावाची अमेरिकेची तरुण गायिका शूटिंग संपवून परत निघाली होती, सेस्ना ४०२ विमान, टीमचं सामान भरपूर. सामान जास्त होतंय यावरून वाद झाल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. तरी निघाले, उडाल्याबरोबर विमान पडलं, नऊच्या नऊ माणसं गेली. चौकशीत निघालं की विमान शेकडो किलोंनी जादा भरलेलं होतं आणि वजन मागं गेलेलं होतं, शिवाय पायलटच्या रक्तात नशेचे अंश.

यात आपल्याकडचं ऊन आणखी भर घालतं, त्याचा कोणी विचारच करत नाही. सांगली-कराडचा पट्टा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात दुपारी पारा ४० ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते सोळाशे मीटरवर असतं, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. इंजिनाची ताकद कमी, पंखांना उचल कमी, पुढचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, हवेला पकडत नाही. सकाळी सातला जे विमान आरामात उचललं ते दुपारी दोनला तेवढ्याच माणसांसकट धावपट्टीच्या टोकापर्यंत पळत राहतं. म्हणून पायलट म्हणाला “एक बॅग ठेवा” किंवा “संध्याकाळी निघू” तर ठेवा आणि थांबा.

चुलतभाऊ बारामतीला पायलटचं ट्रेनिंग घेतोय. म्हणतो लायसन्स आलं की पेट्रोलचे पैसे दे, तुला सगळ्या गावावरून फिरवून आणतो. जाऊ का? (कॉलेज विद्यार्थी, फलटण)

भावा, आत्ता अजिबात नाही. ट्रेनिंग घेणारा पोरगा एकटा सोलो उडतो तेव्हा शेजारी पाहुणा बसवायला परवानगी नसते, आणि ट्रेनिंगचं विमान राउंड मारायला नसतंच. पुढं त्याला प्रायव्हेट लायसन्स मिळालं, ४० तासांचं असतं ते, तरी त्याला भाड्यानं कुणाला न्यायचा हक्क नाही. पैसे घेऊन न्यायचं तर कमर्शियल लायसन्स, ज्याला आपल्याकडे किमान २०० तास लागतात, आणि कंपनीकडे डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, नॉन शेड्यूल्ड परमिट पाहिजे, ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय भाड्यानं माणसं न्यायचं. हे परमिट म्हणजे नुसता कागद नाही रे, त्यामागं मेंटेनन्स कसा, पायलटच्या ड्युटीचे तास किती, कुणी तपासलं, हे सगळं येतं.

फुटबॉल बघत असशील तर एमिलियानो साला आठवत असेल. २१ जानेवारी २०१९, फ्रान्समधल्या नांतहून कार्डिफला, एक इंजिनाचं पायपर विमान, रात्रीची वेळ, खाली इंग्लिश चॅनल. पायलटला पैसे घेऊन पॅसेंजर न्यायचा परवानाच नव्हता, रात्री उडवायची परवानगीही नव्हती, आणि तसलं विमान उडवायच्या रेटिंगची मुदत संपलेली. विमान समुद्रात गेलं. ज्यानं ही ट्रिप जमवून दिली होती त्याला पुढं २०२१ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. करोडोंचा खेळाडू, आणि विमान कुणाचं, पायलट कोण, परवाना कसला, हे निघताना कुणी नीट विचारलं नाही.

त्या केसमध्ये अजून एक गोष्ट निघाली जी आम्हा मेंटेनन्सवाल्यांना झोप लागू देत नाही. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड प्रचंड सापडला. छोट्या पेट्रोल विमानात केबिनचा हीटर कसा चालतो, तर एक्झॉस्टच्या पायपाभोवती पत्र्याचं आवरण असतं, त्यातून बाहेरची हवा फिरवून गरम करून आत सोडतात. त्या पायपाला केसाएवढी चीर गेली की धूर हवेत मिसळून आत येतो, आणि या वायूला वास नाही, रंग नाही. आम्ही तो पायप काढून आरशानं, बॅटरी मारून बघायचो, आणि तरी मन निवांत व्हायचं नाही. सिडनीला ३१ डिसेंबर २०१७ ला पडलेल्या सी-प्लेनमध्येही (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) हाच वायू निघाला. म्हणून छोट्या विमानात बसल्यावर डोकं जड पडलं, मळमळलं, झापड यायला लागली तर “आपल्याला हवा लागत नाही” म्हणून गप्प बसू नका, लगेच पायलटला सांगा, कारण त्यालाही तेच होत असणार आणि त्याला ते कळत नसणार. हीटर बंद, बाहेरच्या हवेची झडप उघडी, आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं.

कवलापूरचं विमानतळ कधी होणार? (सांगलीचे बरेच जण)

मी इंजिनाचा माणूस आहे, ज्योतिषी नाही.

मुलाच्या लग्नाला हेलिकॉप्टर ठरवलंय, वरात मळ्यात उतरवायची. गोरज मुहूर्त आहे. काय काळजी घ्यावी? (एक द्राक्ष बागायतदार, तासगाव)

पहिली काळजी, मुहूर्त. गोरज म्हणजे सूर्य मावळतानाचा, आणि तुमच्या मळ्यातल्या तात्पुरत्या हेलिपॅडला लाइट नसतात, हेलिकॉप्टरला अंधार पडायच्या आत परतून आपल्या बेसला पोचायचं असतं. म्हणजे नवरदेव चारच्या आत मांडवात पाहिजे. आपल्याकडची वरात चारला निघते म्हणाली की साडेपाच होतात, हे तुम्हालाही माहीत आणि मलाही, आणि तिथंच सगळं बिघडतं. तेव्हा गाडी सजवून तयार ठेवा. उशीर झाला की सरळ गाडीनं.

ऑपरेटरकडून परमिटची कॉपी मागा, जिल्हा प्रशासन आणि पोलीस यांच्या परवानग्या वेळेत काढा. पण मला सांगायचंय ते पात्याबद्दल. हेलिकॉप्टरचं मागचं छोटं पातं इतक्या जोरात फिरतं की डोळ्यांना दिसतच नाही, नुसती हवा दिसते. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथला एक सरकारी अधिकारी त्या बाजूला गेले आणि जागीच गेले. म्हणून हेलिकॉप्टरकडे नेहमी समोरून किंवा बाजूनं, पायलटच्या नजरेत राहून जायचं, मागं अजिबात नाही. आणि छोट्या विमानाचं बरोबर उलटं, तिथं पंखा पुढं असतो, त्यामुळे बाजूच्या पंखांच्या मागून यायचं, दारापाशी जायचं, पुढं फिरकायचं नाही. इंजिन बंद असलं तरी विमानाच्या पंख्याला हात लावायचा नाही, तो कधी एक फटका मारेल सांगता येत नाही.

तुमच्या मळ्याला उतार असेल तर चढाच्या बाजूनं कुणी जवळ जायचं नाही, तिकडं वरचं पातं जमिनीच्या जवळ येतं. आता फेटा. नवरदेवाचा शेमला, करवलीचा पदर, मांडवाचं कापड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हे सगळं त्या वाऱ्यात उडतं आणि उडून कुठं जातं तर पात्यात. मांडव लांब ठेवा, आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारून धूळ बसवा, पोरांना दोरीच्या बाहेर धरायला चार जाणती माणसं उभी करा, आणि ऑपरेटरला स्पष्ट सांगा की पातं पूर्ण थांबल्याशिवाय कुणी चढणार-उतरणार नाही. तो म्हणेल दहा मिनिटं जास्त जातील. जाऊ द्या.

आणि पायलटला सकाळीच नवरदेवाच्या वडिलांनी स्वतः सांगायचं, की साहेब, तुम्हाला वाटलं नाही जमणार तर आमची हरकत नाही, पैशांचं आपण नंतर बघू. हे का सांगतोय, तर २६ जानेवारी २०२० ला अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याचं हेलिकॉप्टर ढगात शिरून टेकडीवर आदळलं, नऊ माणसं गेली, तेव्हा चौकशीत असं काही निघालं नाही की कुणी पायलटवर जबरदस्ती केली, मोठ्या माणसाला वेळेत पोचवायचं हा दाब पायलटनं स्वतःच स्वतःवर घेतला होता. मोठं गिऱ्हाईक, लग्नघर, नेत्याची सभा, सगळीकडे हेच होतं. जून २०२५ मध्ये केदारनाथजवळ पहाटेच्या खराब हवेत हेलिकॉप्टर पडून सात जण गेले, त्यात आपल्या यवतमाळकडच्या वणीचं जोडपं आणि त्यांचं लहान लेकरू होतं. तेव्हा पायलटला आधीच मोकळं करा. तो सुटला की तुम्हीही सुटलात.

मामेभाऊ टेक्सासला आहे, त्याच्याकडे प्रायव्हेट लायसन्स आहे. यंदा गेलो की पुढच्या सीटवर बसवणार म्हणतोय. काय लक्षात ठेवू? (आयटीवाला, कराड)

मजा कर! तिथं खर्च वाटून घेणं कायद्यात बसतं, फक्त त्याचा स्वतःचा वाटा त्यानं भरला पाहिजे. एक गोष्ट प्रेमानं विचार, गेल्या ९० दिवसांत तीनदा उडवून उतरवलंय ना, कारण पॅसेंजर न्यायचा तर तिथं तो नियम आहे, आणि ज्याच्या लायसन्सवर धूळ बसलीय त्याच्यासोबत जाण्यापेक्षा जेवायला जा.

पुढं बसलास की सीट मागं-पुढं सरकवून कडक लॉक झाली का ते ढुंगण हलवून बघ. हसू नको, जुन्या सेस्नांमध्ये सीटची रेल झिजते आणि टेकऑफला नाक वर झालं की सीट सुर्रकन मागं जाते, आणि माणूस आधाराला धरतो काय तर समोरचं स्टीअरिंग. संपलं मग. त्या रेल तपासायचा आदेशच अमेरिकेनं १९८७ मध्ये काढला. पाय पेडलपासून लांब, मोबाइल-कॅमेरा पट्ट्यानं मनगटाला. खांद्याचा पट्टा असेल तर लावायचाच, नुसत्या कमरेच्या पट्ट्यानं डोकं डॅशबोर्डवर जातं. डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्या छोट्या विमानांना तिथं सगळ्या सीटना खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला, त्याआधीच्या विमानांत मागच्या सीटना बऱ्याचदा नसतो, म्हणून सोबत कुणी वयस्कर असेल तर त्यांना पुढं बसव आणि तू मागं बस असंही होऊ शकतं, बघ.

टेकऑफ आणि लँडिंगला बोलायचं नाही. उडाल्यावर दार किलकिलं उघडलं तर धाडकन आवाज येतो, वारा घुसतो, पोटात गोळा येतो, पण विमान व्यवस्थित उडत राहतं. माणसं दारानं मरत नाहीत, दाराकडे बघत बसलेला पायलट विमान उडवायचं विसरतो त्यानं मरतात. तू ओरडू नको, दार धरून बस, तो फिरून उतरवेल. एका वेळी मात्र जरूर बोल, दुसरं विमान दिसलं की. घड्याळाच्या काट्यांसारखं सांगायचं, दोन वाजता, आपल्यापेक्षा खाली. पायलटला आवडतं ते.

हवेत पायलट बेशुद्ध पडला तर? (इंजिनिअरिंग विद्यार्थिनी, सांगली)

१० मे २०२२ ला हेच झालं. सेस्ना कॅराव्हॅन, बहामाजहून फ्लोरिडाला, पायलट कोसळला, विमान खाली झुकलं, पॅसेंजरनं हळूहळू खेचून सरळ केलं, रेडिओवर बोलला, कंट्रोल टॉवरमधल्या एका कंट्रोलरनं, जो स्वतः शिकवायचा, त्याला पाम बीचला उतरवलं. कधी विमान न उडवलेला माणूस. आणि योगायोग बघा, निघालेलं त्याच मार्श हार्बरहून जिथं आलियाचं विमान पडलं होतं.

त्यानं काय बरोबर केलं, तर झटका दिला नाही. पायलटला पायलटच्या कंट्रोलवरून मागं ओढून धरायचं, पंख क्षितिजाला समांतर ठेवायचे, आणि रेडिओचं बटण दाबून साध्या भाषेत बोलायचं, हिंदी-इंग्रजी काहीही. आधीच चालू असलेल्या फ्रीक्वेन्सीवर कुणीतरी ऐकत असतंच, नाहीतर १२१.५ ही जगभर आणीबाणीची. म्हणून बसल्यावर पायलटला एवढंच विचारून ठेव की बोलायचं बटण कुठलं. सिरस विमान असेल तर छताला एक लाल हँडल असतं, आख्ख्या विमानाचं पॅराशूट आहे ते, तेही दाखवून घे.

हनिमूनला मालदीव. रिसॉर्टपर्यंत सी-प्लेन आहे. पोहता येत नाही, भीती वाटते. (नवविवाहिता, सातारा)

लाइफ जॅकेट कमरेला पाऊच करून देतात, ते घाला, पण विमानाच्या आत कधीही फुगवू नका. २३ नोव्हेंबर १९९६ ला कोमोरोसजवळ इथिओपियाचं मोठं विमान समुद्रात उतरलं तेव्हा बऱ्याच जणांनी आतच फुगवलं, पाणी भरलं, फुगलेल्या जॅकेटनं त्यांना छताला चिकटवलं आणि दारापर्यंत जाताच आलं नाही. आधी बाहेर, मग दोरी ओढायची.

सी-प्लेन पाण्यात उलटं होऊ शकतं आणि उलटं झालं की वर-खाली कळत नाही. म्हणून बसल्याबरोबर दार कुठल्या हाताला, मध्ये किती सीट, हे हातानं चाचपून ठेवा, तुमच्या ह्यांनाही सांगा. पट्टा सोडायच्या आधी एका हातानं सीट किंवा दाराची चौकट घट्ट धरायची, मग पट्टा सोडायचा. बॅगा मागं राहू द्या. सी-प्लेन दिवसाउजेडीच उडतं, तेव्हा मुंबईहून माले विमानतळावर दुपारनंतर पोचणारं तिकीट काढू नका, नाहीतर पहिली रात्र मालेत जाईल.

तिथं स्कुबा करणार असाल तर परतीच्या आदल्या दिवशी पाण्याखाली जायचं नाही. अनेक डाइव्ह केल्या असतील तर उडायच्या आधी निदान १८ तास गेले पाहिजेत, २४ ठेवा. आणि जेवणाचं, तर सकाळी हलकं खा, पॉवर बँक हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इन बॅगेत नाही.